खाणीच्या गावचे अध्यक्ष

अध्यक्ष म्हणावा असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या गावात माणसेच उरली नव्हती. बाकीच्या अध्यक्षांकडे गाव असते, गावात तंटे असतात, तंट्यांवर त्यांचे पोट भरते. आमच्या अध्यक्षांकडे होती गदगपलीकडच्या डोंगराखालची एक बंद पडलेली सोन्याची खाण, छपरे उडालेल्या घरांच्या चार ओळी, पाच-पंचवीस म्हातारी माणसे, आणि या सगळ्याची रीतसर नगरपालिका. साहेबाच्या कंपनीने डोंगर पोखरला तेव्हा गावात बाजार होता, दवाखाना होता, म्हणून पालिकाही आली. सोने संपले तशी कंपनीने यंत्रे उपसून नेली, अगदी शेडचे पत्रेसुद्धा सोडले नाहीत. पोटामागे माणसे हुबळीला आली. कोणी रेल्वेच्या कारखान्यात लागला, कोणी गिरणीत, कोणी हॉटेलात. अध्यक्षही बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, आणि मुलांना घेऊन केशवापुरात आमच्या मागच्या आळीत राहायला आले. पालिका मात्र तिथेच राहिली, कारण ती उपसून नेण्यासारखी कोणाला वाटली नाही.

ते माझ्या वडिलांचे मित्र. पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आळी त्यांना अध्यक्ष म्हणे, दूधवाला अध्यक्ष म्हणे, आणि खुद्द अक्कासुद्धा स्वयंपाकघरातून विचारत, "अध्यक्ष, भाकरी घालू का अजून एक?" त्यावर तेही तितक्याच गंभीरपणे "एकमताने मंजूर" म्हणत. मुलीने नव्या साडीचे काढले की "हा विषय पत्रिकेवर नाही" हे उत्तर ठरलेले. मग अक्का आतून म्हणत, "पत्रिका मी लिहिते या घरात," आणि साडी येई.

पालिकेचे सभासदही एव्हाना हुबळीकरच झाले होते. महिन्यातून एकदा ही सगळी मंडळी सकाळच्या बसने सभेला गावी जात. एकदा मीही गेलो होतो. बसमध्ये ते शेजारीशेजारी बसले होते आणि पालिकेबद्दल चकार शब्द काढत नव्हते. कांद्याचा भाव झाला, जावयांची दुखणी झाली, पण पालिका नाही. मी नळाचे काहीतरी विचारले तर अध्यक्षांनी माझा गुडघा दाबला. "तम्मा, हद्दीबाहेर कामकाज नाही." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मला ते तशीच हाक मारत. पुढे रस्त्याकडेला एक पांढरा दगड आला, तो मागे पडला, आणि त्याच क्षणी रेल्वेतल्या फिटर सभासदाने उठून आरोळी ठोकली, "त्या पंपाचा पट्टा कुणी विकला ते आधी सांगा!" नंतरचे दोन मैल बसमध्ये असे भांडण झाले की कंडक्टरने कानांवर हात ठेवले. परतताना तोच दगड आला आणि एका सभासदाची शिवी अर्ध्यावर थांबली. उरलेली अर्धी त्याने पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवली असावी.

खाणीच्या गावाची एक चाल त्यांच्या अंगात भिनली होती. त्या गावाखाली बोगदेच बोगदे. म्हणून विहीर सोडाच, मांडवाची मेढ रोवायची तरी आधी खाणीच्या जुन्या मुकादमाला विचारायचे, खाली काय आहे? माझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव केशवापुरात पडत होता तेव्हा अध्यक्ष छत्री घेऊन हजर झाले. खड्डा खणणाऱ्याला म्हणाले, "खाली काय आहे?"

"माती हायरी."

"तुला कोणी सांगितलं?"

तो बिचारा कुदळ टाकून विचारात पडला. अध्यक्षांनी छत्रीच्या टोकाने सगळे अंगण ठोकून काढले, दोन ठिकाणी कान जमिनीला लावला, आणि मगच मेढ उभी राहिली. वऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हे कोण म्हणून विचारले. मी अध्यक्ष म्हणालो. मोठ्या नगरपालिकेचे असावेत असे समजून त्यांनी अध्यक्षांना पहिल्या पंगतीत बसवले, आणि ते बसलेही, कारण त्यात त्यांना काही चूक वाटली नाही.

राज्ये बदलली, आम्ही मुंबईचे होतो ते म्हैसूरचे झालो. तेव्हा मी भाषेवर, सीमेवर, सरकारवर पत्रके काढून गावभर वाटत होतो. ती तापलेली पत्रके मी अध्यक्षांना वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "राज्य कुणाचंही असू दे रे. गटार आपलं." मला याचा फार राग येई. पण हा माणूस गटाराला आपले म्हणे तो नुसता तोंडाने नव्हे. त्यांच्या गावातल्या घराचा ओटा रस्त्यात वीतभर आला होता. तिथून ना गाडी जात होती ना घोडे, तरी अध्यक्ष झाल्याबरोबर त्यांनी स्वतःलाच नोटीस काढली, स्वतःच हरकत घेतली, ती स्वतःच फेटाळली, आणि ओटा फोडला.

अशा माणसावर जनगणना चालून आली. वरून कळले होते की या खेपेला माथी कमी भरली तर पालिका मोडायची आणि गाव शेजारच्या पंचायतीत घालायचे. हुबळीत बसून ऐकणाऱ्याला यात काही विशेष नाही. पण खाणीतले पाणी उपसून नळाला देणारा पंप पालिकेचा होता. पंचायत तो चालवणार नाही हे शेंबडे पोरही सांगत होते. पंप थांबला की नळ थांबणार, नळ थांबला की ती म्हातारी माणसे उठणार, आणि मग नकाशावर डोंगर तेवढा उरणार.

हे कळल्यावर पाचव्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "तम्मा, एक पत्रक लिही. सगळ्यांनी मोजणीच्या दिवशी गावी यायचं. आपापल्या घरात बसायचं."

"पण ते तिथं राहत नाहीत."

"त्यांना गाव कुठलं विचार. एकजण तरी हुबळी म्हणतोय का बघ."

मी विचार केला. कंपनीने डोंगर रिकामा केला तेव्हा तिला कोणी काही विचारले नव्हते. हिशेब विचारायचा तो या गरिबांनाच काय म्हणून? मी पत्रक लिहिले, आणि मला आजही त्याची लाज नाही.

दोन लॉऱ्या भरून माणसे गेली. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, पण असा पाहिला नाही. बायकांनी उतरताच पदर खोचले आणि छप्पर नसलेली घरे झाडायला काढली. दार नव्हते तरी उंबऱ्यापुढे सडा पडला, सड्यावर रांगोळी आली. फिटरने आपल्या जुन्या खोलीत खिळा शोधून काढला आणि त्याच्यावर टोपी अडकवली. चारही ओळींतून चुलींचा धूर निघाला. अध्यक्ष रस्त्याच्या मध्यभागी उभे होते. छत्रीने जमीन ठोकून पाहायचे त्यांना सुचले नाही.

गणतीचे मास्तर सायकलवरून आले. शेजारच्या गावच्या शाळेतला भला माणूस. त्यांनी तो सगळा देखावा पाहिला आणि त्यांना काय समजायचे ते समजले.

"नमस्काररी अध्यक्ष. पहिलं नाव तुमचंच घेतो. राहणं इथंच ना?"

फिटरने अध्यक्षांना मागून कोपराने ढोसले. "हौद्री म्हणा की! हो म्हणा!"

मास्तर हसले. "तुम्ही सांगाल ते लिहितो. चौकशी बाकीच्यांची करीन. तुमच्या शब्दाची चौकशी करायला मी कोण?"

हे त्यांनी मदत म्हणून म्हटले, आणि तिथेच सारे बुडाले. मास्तरांनी दरडावून विचारले असते तर अध्यक्ष कदाचित निभावून गेले असते. त्यांनी मास्तरांकडे पाहिले, धुराकडे पाहिले, आणि ओटा फोडताना जो आवाज लावला असेल त्या आवाजात म्हणाले, "केशवापूर. हुबळी."

"अध्यक्ष!" फिटर ओरडला. "एक शब्द बोलायचा होता हो! एक शब्द! आख्खं गाव लॉरीत घालून आणलंत ते काय हवा खायला?"

"सरकारी कागदावर खोटं नाव घालून आपलं नाही ते घेतलं, की आपण आणि कंपनी यांत फरक काय रे?"

"फरक पंपाचा!" मी म्हणालो.

मास्तर फिटरकडे वळले. तो आधी आपल्या खोलीत गेला, खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर घालून आला आणि तिरसटून म्हणाला, "लिहा हुबळी. अध्यक्ष हुबळीला आणि सभासद इथं? सभा कुणापुढं भरवू?" त्याच्यामागून लॉरीने आलेल्या सगळ्यांनी तेच सांगितले. अक्का चुलीपाशीच बसून होत्या. मास्तर तिथे गेले तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "यांचं ऐकलंत ना, तेच माझं." आणि तव्यावरच्या भाकरीला त्यांनी जरा जास्तच जोराने दाबले.

पुढे जे व्हायचे ते झाले. पालिका मोडली, पंप थांबला, आणि वर्षा-दोन वर्षांत ती म्हातारी माणसे मुलालेकींकडे पांगली. एका शब्दाने ते वाचले असते. या गोष्टीवर मी अध्यक्षांशी पुष्कळ भांडलो आणि ते असते तर आजही भांडलो असतो. सत्य हे नेहमी गरिबांच्याच घरून का वसूल होते, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारत राहिलो.

पण त्या दुपारी मास्तर निघून गेल्यावर लॉरीवाले भोंगे वाजवू लागले, आणि कोणीच उठेना. भाकऱ्या व्हायच्या होत्या. अध्यक्ष आपल्या फोडलेल्या ओट्याच्या दगडांवर मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात वरच्या ओळीतली कल्लव्वा काठी टेकत आली. ती मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांतली, कधीच गाव सोडून गेली नव्हती. हातात खापराचा तुकडा होता. गणती, पालिका तिला कोणी सांगितली नव्हती, आणि सांगून ती ऐकणारी नव्हती.

"अक्का, इंगळ द्या एक," ती म्हणाली. "माझी चूल पेटवायची राहिली."

"काडेपेटी नाही का घरात?" अक्कांनी विचारले.

"आहे की. पण शेजार असताना काडी कोण ओढतं?"

अक्कांनी चिमट्याने मोठासा निखारा काढून तिच्या खापरावर ठेवला. अध्यक्ष उठले, आणि वारा लागू नये म्हणून त्या निखाऱ्याला दोन्ही हातांचा आडोसा धरून तिच्याबरोबर तिच्या दारापर्यंत चालत गेले.