झुडपाखालचं लेकरू

मागच्या उन्हाळ्यात आमच्या लेकराले हगवन लागली. दहा महिन्याचं लेकरू. त्याचे बाबा मूर्तिजापूरले रेल्वेत, शनिवारीच घरी येत. अकोल्यात, जठारपेठच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, अन् त्या घरात मी अन् लेकरू. चर्च लांब, दवाखानाही लांब, अशा उन्हात त्याले घेऊन निंगावं तरी कसं?

बाजूच्या खोलीत एक म्हातारी राहे, तिले मी मावशी म्हनत असे. "पानी देऊ नको वो पोरी," तिनं सांगतलं, "पान्यानं हगवन वाढते." माझी मायही असंच म्हने, म्हनून मी आयकलं. अंगावरचं दूध तेवढं पाजू पाहे, पन त्याच्यानं ओढल्याच जाईना. ओठ सुकले, टाळू खोल गेली, रडे तर डोळ्यात टिपूस नाई.

मी लय भेली. दुपारी त्याले मांडीवर घेऊन पवित्र शास्त्र, आमचं बायबल, उघडलं. माझी शाळा चौथीतच सुटली, बोट ठेवल्याबिगर वाचता येत नाई. पयल्या पानापासून रोज थोडं थोडं वाचत होती, अन् त्या दिवशी नेमकी एका दासीची गोष्ट निंगाली. तिले मालकानं लेकरासकट घराबाहेर काढलं, रानात पानी सरलं, तिनं लेकराले झुडपाखाली टाकलं अन् दूर जाऊन बसली, काहून की त्याले मरतानी पाहवत नव्हतं. माझं बोट तिथंच थांबलं. मिशनच्या शाळेत येशूच्याच गोष्टी आयकल्या होत्या, ही कोनी सांगतलीच नव्हती. पुढं ते लेकरू मरत असन तर? देवानं आजच हे मले काहून दाखवलं? मी शास्त्र मिटून टाकलं.

तेवढ्यात मावशी दारात आली. "तोंड काहून उतरलं वो?"

मी गोष्ट सांगतली. ती उंबऱ्यावर टेकली.

"मंग? मेलं काय पोट्टं?"

"मालूम नाई. पुढं नाई वाचलं."

"अवो, अर्ध्यातच सोडते काय! वाच ना."

"भेव वाटते, मावशी."

"मेलं असन तर कधीचंच मेलं असन ते. तुह्या वाचल्यानं थोडीच मरते?"

मी वाचलं. देवानं त्या लेकराचं रडनं आयकलं. तिचे डोळे उघडले, तिले विहीर दिसली, तिनं पानी भरून लेकराले पाजलं. आता ती विहीर तिथं आधीचीच होती का देवानं तवाच केली, हे मले अजून समजत नाई. पन मी उठली अन् माठातून वाटीभर पानी घेतलं.

"काय करून राहिली?" मावशी वरडली. "तिच्या पोराले हगवन नव्हती!"

"हे तहानलं हाये, मावशी."

"मंग मले बोल लावजो नको!" अन् ती तणतणत निंगून गेली.

पयला चमचा त्याच्या गळ्यावरच सांडला. दुसरा तोंडात गेला. त्यानं चमचा हिरड्यानं धरला तो सोडेच ना. मी चमचा चमचा पाजत राहिली, मनात येशूले हाका मारत, मरन का जगन, मरन का जगन. ऊन कललं तवा त्यानं माझा पदर ओला केला. इतक्या वेळानं लघवी! मले रडू फुटलं. कोनाले सांगू? मावशीचं दार बंद, शनिवार लांब. मी मोठ्यानं प्रार्थना केली. माहेरी, अमरावतीले, चर्चमंदी प्रार्थना झाली का साऱ्या बाया एका आवाजात आमेन म्हनत, म्हनून मी जराशी थांबली. मंग एकटीनंच आमेन म्हनलं.