भाईंदरचा एकतीस डिसेंबर: ताईच्या घरी टीव्ही आला कुठून?

"नाताळच्या सुट्टीत ताईकडे चाललेय," असं मी पेणमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण बाबांनी मला पाठवलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. मला ताईच्या घरात काय चाललंय, याचा छडा लावायचा होता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मुंबईत टीव्ही येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. मी पेणला शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. माझी मोठी बहीण शालिनी लग्न होऊन भाईंदरला, खारी गावात राहायला गेली होती. तिचे यजमान दिनकरभावोजी मूळचे रत्नागिरीकडचे, भाईंदरच्या एका कारखान्यात फिटर. आमचे दूरचे एक मधूकाका सहज म्हणून तिच्या घरी डोकावले आणि परत येऊन बाबांच्या कानाला लागले.

"दादा, घरात टीव्ही आहे. परदेशी टेपरेकॉर्डर आहे. आणि संध्याकाळी दारात मोटार येते. शालिनी नटूनथटून तिच्यात बसून जाते. नवरा बरोबर असतो, पण म्हणून काय झालं?"

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्या काळात खाडीकाठी चोरटा माल उतरल्याच्या बातम्या पेपरात सारख्या यायच्या. घड्याळं, कापड, रेडिओ, काय वाट्टेल ते. फिटरच्या घरात टीव्ही म्हटल्यावर बाबांनी दोन आणि दोन जोडून टाकले.

"तू जा," ते मला म्हणाले. "मी गेलो तर ते सगळं झाकून ठेवतील. तसलं काही असलं, तर शालूला घेऊनच ये."

म्हणजे मी बहिणीचा संसार मोडायला निघाले होते, सोबत पोह्यांचे पापड आणि खोबऱ्याच्या वड्या घेऊन.

पेणहून पनवेल आणि पनवेलहून ठाणे असा एसटीचा प्रवास झाला. ठाण्याला गाडी बदलून घोडबंदरच्या रस्त्याला लागले. आज तो रस्ता बघितलात, तर मी थापा मारतेय असं वाटेल. तेव्हा एका अंगाला डोंगर आणि दाट झाडी, दुसऱ्या अंगाला मधूनच चमकणारी खाडी, आणि समोरून ट्रक आला की आमची गाडी कडेच्या धुळीत उतरायची. तुम्ही आज जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि खाडीच्या बाजूची खिडकी पकडा. खाडी अजून आहे. बाकीचं मी काही सांगत नाही.

घोडबंदर गावात किल्ल्याच्या खाली गाडी थांबली. एक माणूस गोणपाटात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन चढला आणि नेमका माझ्या शेजारी बसला. गाठोडं त्याने पायांत घट्ट धरलं होतं. मी तिरक्या नजरेने बघत राहिले. घड्याळं असतील? ट्रान्झिस्टर? तेवढ्यात गाठोडं आरवलं. त्याने माझ्याकडे बघून दात काढले. "सासरवाडीला चाललोय. कोंबडा देतोय त्यांना." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. माझ्या हेरगिरीची सुरुवात अशी झाली.

काशिमिऱ्याला उतरून मी टांगा केला. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, आणि वाऱ्याला असा काही खारट वास की ओठ चाटले तरी चव लागावी. टांगेवाल्याला मी भावोजींचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "अच्छा, वो टीवीवाला! पहले बोलना था ना."

टांगेवाल्यापर्यंत कीर्ती पोचली होती.

खारीतलं घर दोन खोल्यांचं, कौलारू. छपराच्या वर बांबूला बांधलेली टीव्हीची अँटेना, ताणलेल्या तारांसकट, लांबूनच दिसायची. ताई दारातच उभी होती. मला मिठी मारली, पण "अचानक कशी आलीस?" हे विचारताना तिची नजर एकदा आतल्या खोलीकडे गेली. मी ते टिपलं.

पुढचे दोन दिवस मी फक्त टिपतच होते. टेपरेकॉर्डर भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. कपाटात जरीच्या टिकल्यांची निळी साडी, आमच्या घरात कुणी नेसणार नाही अशी. साबणाच्या डबीमागे लिपस्टिक. ताई लोणच्याला हात लावत नव्हती, माठातलं पाणी पीत नव्हती. सकाळी उठून गरम पाणी आणि दाढेत ज्येष्ठमधाची काडी. आजारी आहे का? दिवस गेलेत का? विचारलं तर म्हणाली, "घसा जरा बरा नाही गं." भावोजी कारखान्यातून आले की दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे आणि मी गेले की भाजीच्या भावावर यायचे. ताईच्या सासूबाई तर माझ्याशी इतक्या गोड वागत होत्या की मला त्यांचाच जास्त संशय आला.

जेवण मात्र काय सांगू! समोरच्या हिराबाई, तिथल्याच कोळी घरातल्या, रोज काहीतरी घेऊन यायच्या. ताजे बोंबील रव्यात घोळवून तळलेले, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे. पेणची असून मी तसे बोंबील त्याआधी खाल्ले नव्हते. पण प्रत्येक घासाला वाटायचं, हे मला गप्प बसवायला तर खायला घालत नाहीत ना?

एकदा ताईबरोबर केबिन रोडला बाजारात गेले. कापडाच्या एका दुकानातून गल्ल्यावरच्या गुजराती शेटजींनी हाक मारली, "शालिनीबेन! एक तारीख को सुबह, पक्का ना?" ताईने मान हलवली आणि माझा हात धरून भराभर पुढे निघाली.

"कोण ते?"

"जयंतीभाई. ओळखीचे आहेत."

"कसली एक तारीख?"

"अगं, साडीचं काहीतरी," ती म्हणाली. ताईला खोटं बोलता येत नाही. तिचे कान लाल झाले होते.

मग एकतीस डिसेंबर उजाडला. दरवर्षी त्या संध्याकाळी भावोजींच्या घरात एक खेळ असायचा. त्यांनीच काढलेला. सरत्या वर्षातलं आपलं सगळ्यात आवडतं गाणं, सिनेमा, टीव्हीवरचा कार्यक्रम आणि पदार्थ, प्रत्येकाने सांगायचं. का आवडलं तेही सांगायचं. "सगळंच छान होतं" म्हणणाऱ्याने सगळ्यांची चहाची भांडी घासायची.

टीव्हीसमोर सतरंजी अंथरली होती. टीव्ही बंद, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. सासूबाई, हिराबाई, ताई, भावोजी आणि मी. हा खेळ माझ्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी आहे, अशी माझी खात्री होती, म्हणून मी सावरून बसले.

सासूबाईंनी सुरुवात केली. त्यांना टीव्हीवरचा शेतीचा कार्यक्रम सगळ्यात आवडायचा. "शेत राहिलं गावाला. निदान खताची माहिती तरी कानावर पडते." सिनेमा त्यांनी एकच पाहिला होता आणि त्यातली सासू फारच वाईट दाखवली, म्हणून तो त्यांनी बाद केला. पदार्थ, गावाहून आलेल्या कुळथाचं पिठलं.

भावोजींनी एका मारामारीच्या सिनेमाचं नाव घेतलं. "शेवटी पुलावरची मारामारी आहे ना, त्यात पूल पडतो तो खराखुरा पाडलाय. नट-बोल्ट कसे निघतात ते दिसतं!" फिटर माणसाला सिनेमात हेच दिसणार.

माझी पाळी आली. मी सांगितलं, बाबा देवळात म्हणतात तो अभंग हे माझं आवडतं गाणं. ताईने मान खाली घातली. ती शाळेत असताना स्नेहसंमेलनात गायली होती, कुणीतरी शिट्टी मारली होती आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांनी तिचं गाणं बंद केलं होतं. घरातल्या बाईने चारचौघांत गळा काढायचा नाही. पुढे देवळातल्या भजनालासुद्धा तिला कधी बसू दिलं नाही.

मग हिराबाईंची पाळी. त्यांनी पदर सावरला. "खायाला तं माजे हातचा बोंबील. दुसऱ्या कुनाचा आवडत न्हाय मला. शिनेमा मी बगत न्हाय, अंधारात झोप येते. न् गानं म्हनशील, तं आपल्या शालूनं गायलेलं, वसईला, इस्टेजवर. निली साडी नेसलेली. अख्खा मंडप गप! तसं गानं रेडिओवर पन न्हाय हाय."

सासूबाईंनी हिराबाईंना कोपर मारलं. हिराबाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. "काय झाला? हिला म्हाईत न्हाय?"

"आता झालं माहीत," ताई म्हणाली.

तिने मग काहीच लपवलं नाही. जयंतीभाई कापडाचे व्यापारी, पण जीव अकॉर्डियनमध्ये. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, गणपती, गुजराती मंडळांचे कार्यक्रम. भावोजींनी ताईला घरात गुणगुणताना ऐकलं आणि तेच तिला जयंतीभाईंकडे घेऊन गेले. मोटार जयंतीभाईंची. टेपरेकॉर्डर गाणी बसवण्यासाठी, त्यांच्याच एका नातेवाइकाने आफ्रिकेतून आणलेला.

"आणि टीव्ही?" मी विचारलं.

"टीव्ही तिच्या गळ्याचा," भावोजी म्हणाले. "माझ्या पगारात बांबू आला असता फक्त."

मला हसू आलं, पण संशय असा एकदम जात नाही. मी म्हटलं, "बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की मी लिपस्टिक लावून परक्या लोकांसमोर गाते?" तिचा आवाज चढला. "तू आलीस ती मला न्यायलाच ना? खरं सांग."

मी हो म्हटलं. सासूबाई झटक्यात उठून ताईच्या शेजारी येऊन बसल्या, अगदी चिकटून. "आमची सून कुठे जात नाही," त्या मला म्हणाल्या. त्यांचा तो गोडवा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. त्या घाबरल्या होत्या.

"मला ऐकायचंय," मी म्हटलं. "ऐकल्याशिवाय मी बाबांना हेही सांगणार नाही आणि तेही."

एक तारखेला सकाळी आम्ही जयंतीभाईंच्या दुकानामागच्या गोदामात गेलो. कापडाच्या गाठींवर माणसं बसलेली. ढोलकीवाला, बोंगोवाला, गिटार घेतलेला एक ख्रिश्चन तरुण. मी दाराजवळ उभी राहून प्रत्येकाची नजर तपासत होते. कोण ताईकडे कसं बघतोय? कुणी कसंच बघत नव्हतं. ते तालाचा हिशेब करत होते.

जयंतीभाई म्हणाले, "बेन, चालू करा. ऊपर के सूर से पकडना."

ताईने साधी सुती साडी नेसली होती. डोळे मिटून तिने पहिला सूर लावला आणि मी दाराची कडी धरली. हा आवाज आमच्याच घरात इतकी वर्षं भांडी घासत होता, पापड लाटत होता. मधेच तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "गिटार घाई करतोय. पुन्हा." आणि ती सगळी माणसं निमूट थांबली. माझी ताई, जी घरी बाबांसमोर पाणीसुद्धा विचारून प्यायची.

मी एकटीच परत निघाले. हिराबाईंनी सुक्या बोंबलांची पिशवी दिली होती. वासामुळे कंडक्टरने मला मागच्या सीटवर बसवलं. तुम्हीही तिकडून सुकी मासळी आणणार असाल, तर डबा न्या. ठाण्यापर्यंत मी बाबांशी बोलायची वाक्यं जुळवत होते, पनवेलला ती सगळी मोडून टाकली.

बाबांना सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडेच संशयाने बघितलं. "तुला फितवलंय त्यांनी. काय खायला घातलं?"

"बोंबील," मी म्हटलं. "पण गाणं मी उपाशीपोटी ऐकलं."

ते उठून गेले. पुढे बरेच दिवस घरात शालूचं नाव निघालं नाही.

त्या प्रवासातलं माझ्याकडे बरंच काही उरलंय. मिठागरांचा तो खारट वारा, हिराबाईंचं ठसक्यातलं बोलणं, आणि वर्षअखेरीचा खेळ, जो आता माझी नातवंडं फोनवर खेळतात. त्यांच्या आवडीतली निम्मी नावं मला कळत नाहीत. पण मी कारण विचारतेच.

बाबांचं मात्र सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात जयंतीभाईंचा कार्यक्रम पनवेलला होता. मी बाबांना फक्त तारीख सांगितली. त्या दिवशी दुपारीच ते कामाचं निमित्त काढून, टोपी घालून एकटे बाहेर पडले. परत आले तेव्हा मी जेवायला वाढलं. बराच वेळ ते नुसता भात कालवत बसले.

"शेवटच्या गाण्यात," ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला तिचा श्वास तुटला. सांग तिला."

पुढच्या सुट्टीत भाईंदरला गेल्यावर मी ताईला ते जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"तुटलाच होता गं," ती म्हणाली. मग तिने सूप खाली ठेवलं. "म्हणजे बाबा शेवटपर्यंत बसले होते."