सातव्या पायरीभोवतीचा लाल गोल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि आईजवळ तर तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही — एरवी भाजी करपली तरी मी तिला लगेच जाऊन सांगायचे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा, धीटपणा इथेही नाहीच.

कुठून सुरू करू? माझ्यापासून सुरू केलं तर मी सारवासारव करीन, स्वतःला चांगली ओळखते मी. भावापासून करते.

प्रकाश माझ्याहून चार वर्षांनी लहान. काळाचौकीच्या चाळीत आम्ही वाढलो. बाबा गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. संप सुरू झाला तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी.ला गेले होते. संप संपला कधी, ते आमच्याकडे आजही कुणाला नीट सांगता येत नाही. प्रकाश दहावी झाला तेव्हा बाबा घरीच होते, एवढं नक्की. त्याला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या घरात त्यानंतर ते कुणी कधी उच्चारलं नाही. दोघांचं कॉलेज झेपणारं नव्हतं. "चेडवाचां कॉलेज अर्ध्यार सोडूचां नाय," आई म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आणि प्रकाश आयटीआयला गेला. दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड. कुरकुर नाही, रुसवा नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्याने आमचा मुका झालेला रेडिओ बोलता केला.

आयटीआयमध्ये त्यांना कामाची वही लिहावी लागायची. काम कुठलं, यंत्र कुठलं, मग एकेक पायरी क्रमाने, शेवटी 'केले कोणी' आणि शेरा. बाकीची पोरं एकमेकांची उतरवून मोकळी व्हायची. प्रकाशला मात्र ती सवयच जडली. आयटीआय संपलं, वही सुटली नाही. मिक्सर उघडला तरी वहीत पायऱ्या. "आता डाळीला फोडणी दिलीस तर तीही लिही," असं मी चिडवायचे. त्याने एकदा खरंच लिहिली. 'पायरी तीन : मोहरी तडतडेपर्यंत थांबणे.' आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

माझी डिग्री फिजिक्सची. कॉम्प्युटर मी शिकले ते नंतर, एका सहा महिन्यांच्या कोर्समध्ये, आणि मग दादरला एका क्लासमध्ये तेच शिकवायला लागले. प्रकाश दिवसा दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटर उघडायचा, जोडायचा, आतलं सगळं त्याला तळहातासारखं माहीत. खरं तर माझ्याहून त्यालाच जास्त येत होतं. पण चाळीत मी 'बी.एस्सी. झालेली' आणि तो 'आयटीआयवाला'. हा फरक मी केला नव्हता — पण मला तो आवडत होता. हे एवढं वाक्य लिहायला मला आज सकाळपासून वेळ लागला.

आमच्या गणपती मंडळाची अभ्यासिका होती, चाळीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. अजून आहे. तिला कुठल्याशा ऑफिसातून दहा जुने कॉम्प्युटर मिळाले. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, पण सासर त्याच चाळीत, माहेराच्या वरच्या मजल्यावर. प्रकाशने दहाच्या दहा यंत्रं साफ करून चालू केली आणि सगळ्यांवर लिनक्स चढवलं, ती फुकट मिळणारी, कुणीही वापरावी अशी सिस्टम. मी मंडळाच्या सभेत विरोध केला. पोरांना उद्या ज्या ऑफिसात नोकरी करायचीय तिथे विंडोज असणार, मग हे जगावेगळं शिकून काय उपयोग? प्रकाशचं म्हणणं, ही यंत्रं म्हातारी आहेत, त्यांना नवं विंडोज पेलणार नाही, आणि चोरीची सीडी टाकून पोरांना पहिलाच धडा चोरीचा कशाला द्यायचा? आज विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. त्या दिवशी मात्र मला बरोबर असण्यापेक्षा त्याला चूक ठरवण्याची घाई होती. शेवटी ठरलं, नऊ यंत्रं त्याच्या पद्धतीने आणि खिडकीजवळचं दहावं माझ्या रविवारच्या वर्गाला, विंडोज घालून.

त्याच सुमारास गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची धांदल सुरू झाली. म्हातारी माणसं पिशवीत गिरणीचे जुने कागद घेऊन अभ्यासिकेत यायची. प्रकाश दुकानातून आला की ते कागद स्कॅन करायचा, नाव, खातं, नोकरीची वर्षं टाइप करायचा. सगळं एक नंबरच्या यंत्रावर, कारण तेच त्यातल्या त्यात दमदार. जागा कमी पडायला लागली म्हणून एका शनिवारी त्याने त्या यंत्राच्या डिस्कवर जागा वाढवून घेतली. अकरा पायऱ्या. वहीत लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळी चाळ मासे जेवून आडवी झालेली असताना मी किल्ली घेऊन अभ्यासिकेत गेले. का? कारण दहाव्या यंत्रावर विंडोज चढेना. दोनदा अडकलं. म्हणजे प्रकाशचंच खरं होतं, आणि ते मला सोमवारी कबूल करावं लागणार होतं. म्हटलं, एक नंबरचं यंत्र दमदार आहे, त्यात नवी जागाही केलीय, तिथेच बसवून दाखवते. सीडी घातली. डिस्कवर काय काय आहे त्याची यादी समोर आली. त्यात एका मोठ्या भागापुढे लिहिलं होतं — अनोळखी. मला वाटलं, हीच ती नवी रिकामी जागा. विंडोजची सीडी लिनक्सचा भाग ओळखत नाही, हे मला माहीत नव्हतं. प्रकाशला माहीत होतं, आणि तो दोन मजले खाली होता. कठड्यावरून वाकून एक हाक मारायची. पण आयटीआयवाल्या धाकट्या भावाला मी काय विचारणार? मी तो भाग पुसला.

पुसल्यावर यादी रिकामी झाली तेव्हा कळलं. सीडी बाहेर काढली. यंत्र बंद केलं. खुर्ची होती तशी सरकवून ठेवली — हे सरकवणं मला फार स्पष्ट आठवतं — आणि घरी येऊन चहा टाकला.

थांबा. तुम्हाला वाटत असेल, झालं, हीच ती कबुली. तसं असतं तर किती बरं झालं असतं. हात चुकतो, माणूस घाबरतो. एवढ्यासाठी मी वीसेक वर्षं तोंड शिवून बसले नसते.

सोमवारी यंत्र सुरू होईना. प्रकाश दोन दिवस त्याच्याशी झगडला. महिन्यापूर्वी त्याने सीडीवर एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यातून बरंच परत मिळालं. मधल्या महिन्याचं गेलं. बहुतेकांनी आपले कागद पुन्हा आणून दिले. त्या म्हाताऱ्यांतल्या गावकर काकांना ते जमलं नाही. मधल्या काळात त्यांची चाळ दुरुस्तीसाठी खाली झाली होती आणि ट्रान्झिट कॅम्पात सामान हलवताना त्यांची कागदांची पिशवीच गहाळ झाली होती. त्यांचा पुरावा आता फक्त आमच्या डिस्कवर असायला हवा होता. प्रकाश त्यांच्याबरोबर किती कचेऱ्या फिरला, ते मी बघत होते. काही जमलं नाही, घराचा अर्ज राहिलाच. काका शेवटी गावी निघून गेले. त्यांना गाडीत बसवून द्यायला प्रकाशच गेला.

पण त्याआधी, त्या पहिल्याच आठवड्यात, तो माझ्याकडे वही घेऊन आला होता. मी क्लासचे पेपर तपासत बसले होते. तो खाली जमिनीवर बसला, वही माझ्यापुढे उघडली आणि म्हणाला, "ताई, तू शिकलेली आहेस. माझं कुठे चुकलं, बघ ना जरा. मला सापडतच नाय."

मी वाचलं. अकरा पायऱ्या. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. इतकं स्वच्छ काम माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी करून दाखवलं नव्हतं. त्यात चूक नव्हतीच, असणार कुठून? तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तीनदा वाचेपर्यंत मला तीनदा संधी होती, नाही का? "तुझं काही चुकलं नाही" इतकं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. माझ्या हातात लाल पेन होतं. मी सातव्या पायरीभोवती गोल काढला. "इथे," मी म्हणाले. "आधी तपासायचं, मग बदल जतन करायचा. तू उलट केलंस."

शुद्ध बनाव होता तो. पण मी तो अशा सुरात सांगितला की तिथे वर्गातली पोरं असती तर त्यांनी लिहून घेतला असता. आणि प्रकाश — मला वाटलं होतं वाद घालेल. वाद घालायला हवा होता हो त्याने! त्याने नुसती मान हलवली. "शिकलो असतो तर कळलं असतं," म्हणाला. आणि वर मला थँक्यू म्हणाला.

पुढच्या सभेत तो स्वतःहून उभा राहिला. "चूक माझी. सातव्या पायरीत झाली, ताईने दाखवली." मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या सभेने सगळ्या यंत्रांवरून लिनक्स काढायचं ठरवलं आणि अभ्यासिकेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे दिलं. मंडळाच्या अहवालात माझा फोटो आला, खाली नावापुढे डिग्री. प्रकाशने दुरुस्तीचं दुकान सोडलं. लिफ्टच्या देखभालीची नोकरी धरली. आजही तीच करतो. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या लिफ्ट तो सांभाळतो. कॉम्प्युटरला त्यानंतर हात लावला नाही, घरात मोबाइल बिघडला तरी म्हणतो, "ताईला दाखव."

डिग्रीने मला काय दिलं, असा विचार मी कधी कधी करते. ज्ञान दिलं असेल थोडंफार. पण मुख्य म्हणजे, आपण खोटं बोललो तरी ऐकणारा स्वतःचंच चुकलं असेल असं समजतो, एवढी पत दिली. ती पत मी वापरली. दुसऱ्या कुणावर नाही, जो माझ्या कॉलेजसाठी बाजूला झाला त्याच्यावर.

आणि तरीही मी हे लिहायला बसले नसते. माणसाला सगळ्याची सवय होते. पण यंदा जूनमध्ये प्रकाशची मुलगी सायली दहावी झाली. चांगले मार्क. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. बापावर गेलीय, घरातला वायफायचा डबा उघडून बसलेली असते. प्रकाश नाही म्हणाला. आवाज चढवत नाही तो कधी, त्या दिवशी चढवला. मग मला बोलावलं. मी गेले तर त्याने लोखंडी कपाटातून ती वही काढलेली.

"हे बघ," तो सायलीला म्हणाला, "हातात कला होती माझ्या, पण डिग्री नव्हती. म्हणून एका म्हाताऱ्याचं घर गेलं. तू कॉलेजला जायचं."

सायलीने वही हातात घेतली. लाल रंग फिका पडलाय, पण गोल दिसतो. ती सातवी पायरी वाचत राहिली, मग सहावी, मग आठवी. कपाळाला आठी घालून वाचते ती, अगदी त्याच्यासारखी. मग वर बघून म्हणाली, "आत्या, पण ह्यात चुकलंय काय?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. पंखा चालू होता. माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हणाले, "तुला आत्ता नाही कळायचं. डिग्री घे, मग कळेल."

ती आता अकरावीला जाते. दादरच्या कॉलेजात.

प्रकाशच्या वहीत त्या रविवारचं पान नाही. ते असं असायला हवं होतं.

काम : विंडोज चढवणे. यंत्र क्रमांक : एक. पायरी एक : किल्लीने दार उघडले. पायरी दोन : सीडी घातली. पायरी तीन : न विचारता भाग पुसला. पायरी चार : सीडी काढली, यंत्र बंद केले, खुर्ची जागेवर सरकवली. केले कोणी : संध्या, बी.एस्सी.

शेरा : शनिवारच्या अकरा पायऱ्या बरोबर होत्या. सातवीसुद्धा.