रिकाम्या गल्लीचा फोटो

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं बाजूच्या घराची पायरी चढायची. गल्लीच तेवढी आहे, दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागतात. ज्याच्या हातात ओझं, त्याला आधी वाट. आणि म्हस आली की सगळ्यांनीच चढायचं, कारण म्हस मागं सरत नाही. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत हे कुणी शिकवत बसत नाही, तुम्हाला ते आधीच माहीत असावं लागतं.

मला माहीत नव्हतं. मी चंदगडची. लग्न होऊन आले आणि तिसऱ्या दिवशी नवी साडी नेसून देवळाला निघाले. दुपारचे चार वाजले होते. समोरच्या घरातल्या आक्का नदीवरनं म्हस धुऊन आणत होत्या. गल्लीच्या तोंडाशी येऊन त्या ओरडल्या, "चढा वर." मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगतायत. मी आपली चालत राहिले, ते थेट म्हशीच्या नाकासमोर. आता चढावं तर पायऱ्या सगळ्या माणसांनी भरलेल्या. मग काय, उलट्या पावली आमच्या दारापर्यंत आले, म्हस माझ्याकडं बघत पुढं पुढं, आणि अख्खी गल्ली पोट धरून हसतेय. मागनं आक्का म्हणाल्या, "कुठली गं बया ही? हिला पायरी म्हाईत न्हाय."

त्या दिवसापासून मी 'चंदगडची' झाले ती झालेच. पोरं झाली, मोठी झाली, नोकरीला लागली, तरी हळदीकुंकवाला माझ्याकडं बघून आक्का विचारायच्या, "चंदगडच्या पावण्यांस्नी वाण दिलं न्हवं?" तीस वर्षं राहणाऱ्या बाईला पाहुणी म्हणायचं म्हणजे काय. गल्लीत समोरून त्या आल्या की माझ्या हातात भरलेली घागर असली तरी मीच चढायची. बोलायचं काही नाही, पण आतून नुसती धगधगायचे. तो राग मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर कवितेत उतरवायचे. नवऱ्याला वाचून दाखवली की टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणायचा, "बरी हाय की."

गेल्या वर्षी पेठेच्या कुस्तीच्या तालमीतल्या मंडळींनी पेठेतल्या गल्ल्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. फोटो पुण्याच्या एका पाहुण्यानं काढलेले. प्रत्येक फोटोखाली एक कविता लावायची, आणि रविवारी सकाळी ती तालमीत सगळ्यांपुढं वाचायची. कविता निवडायला बाहेरचे एक प्राध्यापक आणलेले. आमच्या गल्लीचाही फोटो होता. काळापांढरा, देखणा, आणि एकदम रिकामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फरशी आणि ऊन.

भाजी घेऊन येताना मी तो तालमीत बघितला आणि माझं डोकंच फिरलं. आमची गल्ली आणि रिकामी? असं होणंच शक्य नाही. चष्मा पुसून परत बघितलं. मग कडेकडेनं दिसायला लागलं. एका पायरीवर चपलेचा अंगठा. पुढं साडीचा काठ. एका दाराच्या चौकटीतून बाहेर आलेलं काठीचं टोक. मला हसूच फुटलं. घरी जाईपर्यंत दम निघेना, तिथंच भाजीच्या पिशवीवर हिशेबाची वही ठेवून कविता लिहिली आणि देऊन आले.

दोन दिवसांनी प्राध्यापकांचा फोन आला. फार गोड बोलले. म्हणाले, "बाई, फोटोत एकांत आहे, तुमच्या कवितेत तो उतरलेला नाही. म्हशीच्या जागी जरा वेगळं काही घालता येईल का?"

"न्हाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कविता अर्थातच बाजूला गेली.

रविवारी तालमीत गर्दी होती. आमच्या गल्लीची सगळी माणसं आली होती, आक्का पुढच्याच खुर्चीवर, ऐंशीच्या घरात, हातात काठी. आमच्या फोटोवर निवडलेली कविता प्राध्यापकांनी स्वतःच वाचली. पाऊलखुणा पुसल्या, दारं मुकी झाली, गल्ली केव्हाच मरून गेली, असं काहीबाही होतं. वाचून संपलं, टाळ्या काही वाजेनात. आक्कांनी काठी आपटली. "मेली म्हंजे? आमी काय मसणातनं आलोय व्हय?"

लोक हसले. प्राध्यापक गोरेमोरे झाले. आणि मी उठले. का उठले ते आजही सांगता येत नाही. मनात एकच होतं, आज आक्का हसल्या तर मरेपर्यंत मी चंदगडचीच. तालमीचे वस्ताद म्हणाले, "वाचू द्या की वहिनींना." मी वाचलं:

गल्ली मोकळी दिसते पाहुण्याला.
पायऱ्यांकडं बघा की जरा.
एक अंगठा, एक काठ, एका काठीचं टोक.
आम्ही कुठं गेलो नाही.
चार वाजलेत, म्हस येतेय,
आम्ही वाट दिलीय.

आक्का उठल्या. काठी टेकत फोटोपाशी गेल्या, काचेला नाक लावून बघत राहिल्या. फार वेळ बघितलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "ही काठी माजी हाय."

मग काय विचारता. सगळे उठून फोटोपुढं आले. हा माझा अंगठा, ही माझी चप्पल, त्या दिवशी म्हस आली तेव्हा फोटो काढणाऱ्या पावण्यालाही आपण म्हटलं होतं चढा वर म्हणून. टाळ्या अशा वाजल्या की आखाड्यातले पैलवान बाहेर येऊन बघायला लागले. प्राध्यापकांनी पहिली कविता गुपचूप काढून घडी घालून खिशात ठेवली. नवरा मागं उभा होता, त्याचे डोळे भरले होते. मला आनंद झाला, फार झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

वस्तादांनी प्रदर्शन संपल्यावर तो फोटो चौकटीसकट मला देऊन टाकला. चांगला जड होता. दोन्ही हातांनी धरून गल्लीत शिरले, तर समोरून आक्का. सवयीनं मी पायरीकडं पाय उचलला.

"थांब," त्या म्हणाल्या. "वझं तुज्या हातात हाय."

आणि त्या चढल्या. काठी टेकत, गुडघ्यावर हात ठेवत, एक एक पायरी. वर उभ्या राहिल्या, दम घेतला, आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चढा वर सगळी. आमच्या गल्लीची सून येतीया."

दोन्हीकडच्या पायऱ्या भरल्या. मी गल्लीच्या मधोमध चालत घरी गेले.