भोरड्यांचा पत्ता शोधायला लावणाऱ्या बाई

सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी ऐन हुरड्याच्या दिवसांत रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी ग्रंथपाल निर्मलाबाई खंदारे यांची ओळख झाली. ग्रंथालयाच्या दाराशी एका टेबलावर ज्वारीचे अर्धवट खाल्लेले कणीस पडले होते. नव्या माणसाचा उत्साह, मी ते उचलून खिडकीबाहेर टाकले. बाई कपाटामागून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी माझा सातवीचा तास बाहेर फेकून दिलात की."

कणसाखाली चिठ्ठी होती: 'मला कोणी खाल्लं?' शेजारी पाखरांवरची पाचसहा पुस्तके मांडलेली होती. मी निमूटपणे कणीस शोधायला गेलो.

बाईंच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या टेबलाविषयीच लिहितो. त्याचे वेळापत्रक शेतावरून ठरत असे. वेचणी लागली की बोंड यायचे आणि सूत, रंग, कापड यांची पुस्तके बाहेर निघायची. उन्हाळ्यात विहिरींची आणि पाण्याची पाळी. सोबत भिंग, नकाशे, बाईंनी चित्रे चिकटवलेले पुठ्ठे. आम्ही शिक्षक ते साहित्य वर्गात नेत असू. उत्तर मात्र बाई कधीच सांगत नसत. "मलाबी ठाऊक न्हाई. चला, बघू," एवढेच म्हणत. त्यांना खरोखर ठाऊक नसे की त्या तसे दाखवीत, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात सातवीतल्या शीतलने तासाला विचारले, "सर, भोरड्या अंडी कुठं घालतेत? आमच्या रानात लय येतेत, पण खोपा एकबी दिसला न्हाई."

थव्याथव्यांनी ज्वारीवर उतरणारी ही पाखरे आमच्याकडे कोणाला नवी नाहीत. मला उत्तर येत नव्हते आणि तसे म्हणायची लाज वाटली. "नदीकाठच्या झाडांवर," मी ठोकून दिले.

"आमचं रान नदीकाठीच हाय, सर."

वर्ग हसला. मी चिडलो. "जास्त शहाणपणा नको. खाली बस." ती बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली.

ज्वारी राखायला बसते, असे घरच्यांनी सांगितले. त्या दिवसांत कितीतरी मुले रानातच असतात, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. मला मात्र खरे कारण कळत होते. आठवडाभर ते मनाला खात राहिले, शेवटी बाईंपुढे कबुली दिली. चांगली कानउघाडणी होईल असे वाटले होते. बाईंनी विचारले, "मग, घालतेत तरी कुठं?"

त्यांनी पाखरांचे जाडजूड पुस्तक आणि नकाशा पुढे ठेवला. सबंध मधली सुट्टी आम्ही शोधत होतो. ही पाखरे आपल्या देशात अंडीच घालत नाहीत! उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात, डोंगर ओलांडून पार मध्य आशियात जातात आणि दगडांच्या फटींत घरटी करतात. नकाशावर बोट ठेवून आम्ही दोघे लहान मुलांसारखे बघत राहिलो.

"हे पुस्तक तुमीच न्या तिच्याकडं," बाई म्हणाल्या. "अन् एक वही. थवे कुणीकडून आले, कुणीकडं गेले, तिला लिहू द्या." संदर्भाचे पुस्तक बाहेर देता येत नसे, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवले.

शीतल गोफण घेऊन मचाणावर उभी होती. मला पाहूनही ती खाली उतरली नाही. मी खालूनच म्हणालो, "माझं चुकलं. मला येत नव्हतं, तरी सांगितलं." पुस्तक, नकाशा, वही वर दिली. तिने नकाशा बराच वेळ पाहिला.

ज्वारी निघाली तरी ती आली नाही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी मी अडखळत असे. ही मुलगी माझ्यामुळे शाळेला मुकते की काय, या विचाराने जेवण गोड लागत नव्हते. 

मग एका सकाळी ती थव्यांच्या नोंदींनी भरलेली वही घेऊन बाकावर बसलेली दिसली. तास संपता संपता तिचा हात वर झाला.

"सर, तुमाला ठाऊक नसलं तरी चालंल. ईचारू का?"

माझे डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू. मी म्हणालो, "विचार."

"इतक्या लांबून येऊन त्यान्ला आमचंच रान कसं सापडतं?"

मी तिला घेऊन थेट ग्रंथालयात गेलो. शीतल आता स्वतः शिक्षिका आहेत, मी निवृत्तीला आलो आहे, आणि त्या प्रश्नाचे पुरते उत्तर आम्हा तिघांनाही अजून मिळालेले नाही. बाई, आपली नजर आणि गुडघे असेच शाबूत राहोत, अन्न गोड लागो, झोप शांत लागो. आणि ते उत्तर मिळायला शंभर वर्षे लागणार असतील, तर आपण शंभर वर्षे आमच्यासोबत शोधत राहावे, एवढेच मागणे.