भांड्यांवरचं नाव

माझ्या सासरी तांब्यापितळेची भांडी पुष्कळ होती आणि एकूण एक भांड्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. हंडा, कळशी, परात, घंगाळ, अगदी आमटीच्या ओगराळ्यावरसुद्धा. नवी नवरी म्हणून त्या घरात गेले तेव्हा मला याचं भारी कौतुक वाटलं. पोलादपूरच्या पुढे, खोऱ्यात आत, दिवसातून दोनदा एसटी येणाऱ्या गावात एका बाईचा एवढा मान! नवरा महाडला नव्याने उभ्या राहत असलेल्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मी पोलादपुरात शाळेत शिक्षिका, आणि डोक्यात पुस्तकातल्या कल्पना भरपूर. मी ते कौतुक बोलूनही दाखवलं. सासूबाई परात घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं नाय ते. तिचं हाय."

ती म्हणजे सासऱ्यांची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली आणि सहा महिन्यांच्या आत सासूबाईंना आणलं. वय चौदा. लग्नात नवरीचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा मांडवात कुणीतरी म्हणालं की नवं नाव कशाला शोधता, पहिलीच्या माहेरची एवढी भांडी घरात आहेत, त्यांच्यावर आहे तेच ठेवा, पुन्हा कोण कोरत बसणार. मांडव हसला. सासरेही हसले असणार, कारण तांदळात तेच नाव गिरवलं गेलं. गळ्यात पहिलीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक बांधला तो वेगळाच. हे सगळं सासूबाईंनी मला हसत हसत सांगितलं आणि मला मात्र शिसारी आली. मेलेल्या बाईचं नाव जिवंत मुलीच्या अंगावर घालायचं, आणि कारण काय, तर भांडी!

"पयल्या वर्साला हाक मारली तरी मी ओ देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिलाच बोलावतायत. मंग सगळ्यांनी मला भयरी ठरवली."

मी विचारलं, "मग तुमचं खरं नाव काय?"

त्यांनी हात धुतले, तोंड उघडलं, आणि नव्या नवरीसारखा पदर तोंडावर घेतला. "येत नाय गो आता तोंडात. लाज वाटते."

मला दिवस गेले त्या वर्षी त्यांचा खोकला वाढला. सहावा महिना असेल. आम्ही दोघी ओटीवर कडवे वाल सोलत बसलो होतो. त्या एकाएकी म्हणाल्या, "पोरगी झाली तं नाव माझं ठेव. तिचं नको. मी काय तवर ऱ्हात नाय." मी नेहमीसारखं काहीतरी गुळमुळीत बोलले, असं बोलू नका वगैरे. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "शिवथरला माझा भाव हाय. त्याला इचार. त्याला ठावं हाय. ठेवशील ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी वालाची टोपली माझ्याकडे सरकवली आणि त्या आत जाऊन पडल्या. दीड महिन्याने त्या गेल्या.

मुलगी झाली. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. शेगडी, वेखंड, शेपा, धुरीने डोळे चुरचुरणारी ती खोली, आणि येणारी प्रत्येक बाई पाळण्यात वाकून म्हणणार, "म्हातारी परत आली गो!" सासऱ्यांनी दारातूनच निकाल दिला. "आता इचार कसला करायचा? हिच्या आजीचंच नाव ठेवायचं."

मी म्हटलं, "हो. त्यांचंच. त्यांचं स्वतःचं."

सासऱ्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरातलं एखादं भांडं मोडीत विकायला काढलंय. "तिचं वायलं नाव? असंल बा. मला काय आठवत नाय."

पंचेचाळीस वर्षं. या माणसाला तिने पंचेचाळीस वर्षं भाकरी करून वाढली, चार पोरं दिली, त्यातली दोन पुरली, आणि ह्याला तिचं नाव आठवत नाही! ते हे बोलले तेव्हा दात कोरत होते. ती काडी, ते मचमच तोंड, बोटाने काडी पुसून पुन्हा दातात घालणं, सगळ्याची मला इतकी किळस आली की मी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते जेवताना मी कधी त्यांच्या समोर बसले नाही.

माझी नणंद बारशासाठी चार दिवस आधी आली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तिला मी सगळं सांगितलं, वाटलं होतं की पोटची मुलगी आहे, हिला तरी काही वाटेल. ती म्हणाली, "वैनी, तुमचं आपलं कायतरी शाळेतलं. आईला सगळा गाव त्याच नावानं वळखायचा. आमच्या भांड्यांवर पण तेच हाय." वर हसून म्हणाली, "पोरीच्या लग्नात भांडी द्यायला बरी, कोरायला नको." पिढी बदलली होती, विनोद तोच. मला वाटलं, उठून हिच्या एक थोबाडीत द्यावी.

मी हट्टाला पेटले. शिवथरला सासूबाईंच्या भावाला, मामांना, बारशाला या म्हणून पत्र टाकलं. नाव मी सांगेन तेच कानात सांगायचं, नाहीतर मूल माझ्या मांडीवरून हलणार नाही, असं जाहीर करून टाकलं. बाळंतिणीशी कोण भांडणार? नवरा पाळीवरून आला, दोन्ही बाजूंचं ऐकलं, आणि म्हणाला, "तुझ्या मनासारखं कर, पण तमाशा करू नकोस." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मला ते हवंच होतं. त्या आठवड्यात त्या घरातली एकटी शुद्ध मी होते, बाकी सगळी घाण. मनातल्या मनात मी एक गोड, जुनं, पाणीदार नावही ऐकू लागले होते. सासूबाईंचं खरं नाव कसं असेल, ते मीच ठरवून ठेवलं होतं.

बारशाच्या सकाळी मामा आले. सासूबाईंपेक्षा धाकटे, पण पार वाकलेले. पहाटे निघून अर्धी वाट पायी तुडवली होती. पिशवीत नाचणीचं पीठ, एक नारळ आणि बाळासाठी जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं. बारसं बायकांचं, म्हणून ते पडवीत बसले. मी बाळाला घेऊन दाराशी गेले आणि विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले. "मला इचारायला सांगितलंन तिनं?" असं म्हणत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बहिणीचं नाव घेतलं.

माझ्या वर्गात त्या नावाची एक मुलगी होती. डोंगरातल्या एका वाडीवरून यायची. वरच्या ओठावर कायम शेंबूड, केसांत उवा, झग्याला मागे सेफ्टी पिन. हजेरीत तिचं नाव आलं की पोरं खिदळायची. मी डस्टर आपटून "गप्प बसा" म्हणायचे, आणि हजेरीपटात तोंड घालून स्वतःही हसून घ्यायचे. तेच नाव. हातातल्या माझ्या गोऱ्यापान, वेखंडाचा वास येणाऱ्या लेकीकडे पाहिलं आणि मला त्या नावाचीच शिसारी आली. मोठेपणी महाडच्या शाळेत हिचं नाव पुकारतील आणि कुणी बाई हजेरीपटात तोंड घालून हसेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"ठेवतेस ना गो?" मामांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आत पाळणा सजला होता. घुगऱ्यांचं पातेलं तयार होतं. नणंद फुगलेल्या तोंडाने म्हणाली, "सांगा मंग तुमचं ते नाव." पाच-सहा बाया तिच्या पाठीत धपके घालायला हात सरसावून उभ्या होत्या. मी तिच्या कानाशी लागले आणि एका मासिकात वाचलेलं, दोन अक्षरांचं, पुण्यामुंबईकडच्या मुलींचं असतं तसं एक नाव सांगितलं. नणंदेने मान मागे घेऊन माझ्याकडे बघितलं. मग तिचं तोंड हळूहळू खुललं. "ह्ये बेस हाय," ती म्हणाली, आणि डोळा मिचकावला. मला उमगलं की तिने मला आपल्यात घेतलं. दात कोरणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा, तिच्यापेक्षा, त्या क्षणी मला माझीच जास्त किळस आली. त्याला नाव आठवत नव्हतं, तिला ठाऊक नव्हतं. मला सांगितलेलं होतं.

कुर्रर्र झालं, धपके झाले, हसणं झालं. पाळण्याचं गाणं मोठ्याने चाललं होतं, त्यात बाहेर काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

घुगऱ्यांचा द्रोण घेऊन मी पडवीत गेले. मामा उठून उभे राहिले होते. "ठेवलंस?" त्यांनी विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी हात धोतराला पुसले, बाळ घेतलं आणि तिला त्या नावाने हाक मारली. दोनदा, तीनदा. ती टकामका बघत होती. मामा रडत होते आणि मी त्यांच्या हातातून ती कधी परत घेता येईल याची वाट बघत होते, आतून कुणी बाहेर येईल आणि ऐकेल म्हणून.

पुढे ते फारसे आले नाहीत. वाट लांब होती, गुडघे गेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मात्र त्या नावाने माझ्या मुलीची खुशाली विचारायचे. लोक मला येऊन सांगायचे की म्हाताऱ्याला आता भ्रम होतो, नाती लक्षात राहतात पण नावं चुकतात. मी म्हणायचे, हो, वय झालंय.

मुलीला आता चाळिशी उलटली आहे. मुंबईत असते. आजीचं नाव विचारलं की ती भांड्यांवरचं सांगते. खरं नाव सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसले, आणि एवढं सगळं लिहून झालं तरी ते नाव अजून मी कागदावर उतरवलेलं नाही.