राखेतली रेघ

व्हॅनमध्ये पावसाचं पाणी नेमकं सासूबाईंच्या सीटवर पडायचं. तीन मेकॅनिक हरले आणि बायकोने माझी लाडकी गाडी विकायला काढली. तेव्हा धाकटी डहाणू गावच्या किनाऱ्यावर होड्यांच्या फटी बुजवणारा एक म्हातारा आमचं गळतीचं बोलणं ऐकून न विचारता गाडीत चढला. त्याने छताला आतून कोरडी राख चोळली.

"शेठ, टपावर पाणी ओता. हळू."

मी ओतलं, आणि राखेत काळी रेघ उमटली! तिच्यावरून बोट मागे मागे नेत तो पार दुसऱ्या टोकाला, सामानाच्या कॅरियरखाली पोचला.

"पाणी चालत येतं. हे भोक कोणी पाडलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कॅरियर मीच बसवला होता.

म्हाताऱ्याने राळेतला कापूस ठासला, होडीला मारावी तशी गाडीला थाप मारली.

"आता बुडणार नाय. फक्त शेठच्या हाती ड्रिल देऊ नको, ताई."